रात्री दोन वाजता दिलेला शब्द

माई,
मी 31 वर्षांचा, डोंबिवलीला राहतो. तीन वर्षांपूर्वी ऐरोलीतली आयटीची नोकरी सोडली आणि एकट्याने कॉम्प्युटर गेम करायला घेतला. गिरगावातली चाळ, पहाटेचं पाणी, गणपतीची वर्गणी, असा कोड्यांचा खेळ आहे. 14 महिन्यांपूर्वी स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, अर्ली ॲक्सेसमध्ये (पूर्ण होण्याआधीच विक्रीला) आणला. किंमत 480 रुपये. 2,140 प्रती गेल्या, त्यातल्या 1,140 सेलमध्ये, निम्म्या किमतीला. डिस्कॉर्डवर, खेळणाऱ्यांच्या गप्पांच्या ग्रुपवर, रोज विचारणा होते, मल्टिप्लेअर (अनेकांनी एकत्र खेळायची सोय) कधी? मीच कबूल केलं होतं. आता रेटिंग 'मिक्स्ड' (संमिश्र) झालंय, एकाने तर मला चोर म्हटलंय. ॲप बनवायची फ्रीलान्स कामं येतात, पण ती घेतली की गेम मागे पडतो आणि शिव्या वाढतात. बायको बँकेत आहे, घर तिच्या पगारावर चालतं. मध्यंतरी एक एफडी मोडली, तिला अजून बोललो नाही. पॅशन धरू की पैसा? लिंक सोबत जोडतोय.
– चाळकरी

चाळकऱ्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वेळी एफडीची ओळ नजरेतून निसटली, इतक्या शिताफीने तू ती बायकोच्या पगाराच्या आणि पॅशनच्या मधे दडवली आहेस. तर तिथूनच सुरू करू.

माझा थोरला भाऊ सत्तरच्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेत प्रायोगिक नाटकं करायचा. एका सेटसाठी त्याने आईच्या पाटल्या गहाण टाकल्या, न विचारता. प्रयोग लागला की सोडवून आणणार होता. आईला कळलं ते चुलत बहिणीच्या लग्नाच्या सकाळी, डबा उघडल्यावर. ती काहीच बोलली नाही. पुढच्या प्रयोगाला आली, मागच्या रांगेत बसली आणि घरी येऊन चपला काढता काढता म्हणाली, "त्रेचाळीस माणसं होती. त्यातली सात आपल्याच घरातली." पुढच्या नाटकाचा खर्च तिच्या वहीत लिहिला गेला: दोन बाकडी आणि एक चादर, एवढ्यात सेट. तेही नाटक काही फार चाललं नाही, पण पाटल्या डब्यात राहिल्या.

तुझ्या गेममध्ये सगळ्यात जास्त पैसे तुझ्या बायकोचे आहेत, आणि आत काय चाललंय ते डिस्कॉर्डवरच्या कुठल्याही अनोळखी पोराला तिच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. येत्या रविवारी तिला सांग. रडून, गळ्यात पडून सांगू नकोस, वही घेऊन बस. ती बँकेतली आहे, आकडे बोललास तर तिला लवकर कळेल.

वहीचं पहिलं पान मी लिहून देते. 480 रुपयांत 18 टक्के जीएसटी आला. तो वजा केला की राहतात साधारण 407. त्यातले 30 टक्के स्टीमचे. तुझ्या हाती 285. निम्म्या किमतीच्या सेलमध्ये 142. सगळ्या प्रती इथेच विकल्या गेल्या असं धरलं, तर एकूण 4 लाख 47 हजारांच्या आसपास. परतावे यात धरलेलेच नाहीत. स्टीमवर 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून गेम परत करता येतो, हे तुला माझ्यापेक्षा जास्त टोचत असणार. तीन वर्षांत वाटले तर महिन्याला साडेबारा हजारही पडत नाहीत. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण यावर डोंबिवलीत घर चालत नाही, हे कागदावर दिसू दे.

(अमेरिकेत प्रती गेल्या असतील तर एक बघ. भारत-अमेरिका कर कराराचा फॉर्म पॅनसकट भरलेला नसेल तर तिथल्या विक्रीवर 30 टक्के कर कापतात. भरलेला असेल तर करारानुसार तो 15 टक्के होतो. माझ्या सीए भाच्याने हे सांगितलं, फुकट.)

तू लिहिलं नाहीस, पण तुझ्या डोक्यात 'स्टारड्यू व्हॅली' असणार. एकट्या एरिक बॅरोनने साडेचार वर्षं खपून केलेला, 2016 मध्ये आलेला आणि तुफान चाललेला खेळ. त्या गोष्टीतला दुसरा अर्धा भाग पोरं विसरतात. तो अर्धवेळ एका थिएटरात लोकांना जागा दाखवायचं काम करत होता आणि घर मुख्यतः त्याच्या मैत्रिणीच्या कमाईवर चालत होतं. तिला ते माहीत होतं. शिवाय गेम पूर्ण होईपर्यंत त्याने तो विकायला काढलाच नाही, त्यामुळे 'कधी' विचारणाऱ्यांचे पैसे त्याच्या खिशात नव्हते. तुझ्या खिशात आहेत. इथे तुझी आणि त्याची वाट वेगळी झाली, तेव्हा त्याचं उदाहरण तुला फार पुरणार नाही.

आता मल्टिप्लेअर.

तुझ्या स्टोअरच्या पानावर मी शोधलं. मल्टिप्लेअर हा शब्द तिथे कुठेच नाही. असता तर माझं मत फार वेगळं असतं. तो शब्द आहे डिस्कॉर्डवर, गेल्या वर्षीच्या एका शनिवारी, रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी. कुणीतरी लिहिलं, "मित्राबरोबर खेळता आलं तर मजा येईल." तू लिहिलंस, "येणार! दिवाळीपर्यंत!" पुढे तीन फटाके. दिवसभरात तेवढंच एक कौतुक मिळालं असणार, म्हणून सुटलं तोंडातून. समजू शकते.

पण एका माणसासाठी बांधलेल्या खेळात मागाहून मल्टिप्लेअर घालणं म्हणजे जुन्या चार मजली इमारतीत लिफ्ट बसवणं. जिन्याची जागा तोडा, प्रत्येक मजल्याची भिंत फोडा, आणि तेवढ्यात रहिवासी आत राहतायत. दोघांच्या मशिनवर एकाच क्षणी तीच बादली भरलेली दिसली पाहिजे, एकाचं नेट गेलं तर दुसऱ्याच्या चाळीत काय होणार हे ठरलं पाहिजे. अशा दहा हजार गोष्टी. एकट्याने, फ्रीलान्स सांभाळून, वर्ष जाईल, आणि विक्री किती वाढेल सांगता येत नाही.

दिलेला शब्द केवढा होऊन बसतो, याचं 'सिल्कसाँग' या गेमसारखं उदाहरण नाही. त्याच टीमच्या आधीच्या 'हॉलो नाइट'साठी लोकवर्गणी काढताना, ठरल्यापेक्षा जास्त पैसे जमले तर, असं आमिष म्हणून एक जादा पात्र कबूल केलेलं. ते वाढत वाढत वेगळा गेम झालं, 2019 मध्ये जाहीर झालं आणि आलं थेट सप्टेंबर 2025 मध्ये. त्या चिमुकल्या टीमला ते झेपलं, कारण पहिल्या गेमचा पैसा पाठीशी होता. तुझ्या पाठीशी मोडलेली एफडी आहे.

मग शिव्यांचं काय? मी आणि माझ्या नातीने बसून तुझे सगळे रिव्ह्यू वाचले. 118 आहेत. 46 नापसंतीचे. त्या 46 मधले 31 मल्टिप्लेअरबद्दल, 9 गेम बंद पडतो म्हणून, आणि गेमच आवडला नाही असे फक्त 6. सहा! लोक तू केलेल्या खेळावर रागावलेलेच नाहीत, न केलेल्यावर रागावलेत. तुला चोर म्हणणारा बाबा चाळीस तास खेळलाय, हे त्याच्याच रिव्ह्यूच्या डोक्यावर लिहिलंय. चाळीस तास चोराच्या घरी कोण बसतं?

म्हणून सोमवारी एक निवेदन टाक, स्टीमवर आणि डिस्कॉर्डवर एकच. मल्टिप्लेअर येणार नाही. मी घाईत कबूल केलं, चूक माझी. राहिलेले दोन मजले आणि विसर्जनाचा शेवट होणार, त्याआधी गेम बंद पडायचा थांबणार. एवढंच. 'सध्या नाही', 'शक्य झाल्यास', 'भविष्यात विचार करू', यातलं काही लिहिलंस तर पुढच्या वर्षी याच पत्राला उत्तर देत बसेन. अर्ली ॲक्सेसच्या नियमांतच व्हॉल्व्ह (स्टीम चालवणारी कंपनी) विकसकांना बजावतं की पुढची ठाम आश्वासनं देऊ नका, आणि गिऱ्हाइकाला सांगतं की आज आहे तो खेळ पटला तरच घ्या. आठवडाभर रेटिंग आणखी घसरेल. सोस. 70 टक्के पसंतीला लेबल 'मोस्टली पॉझिटिव्ह' होतं, आणि ती 9 जणांची क्रॅशची तक्रार दूर करणं हा तिथवर जायचा तुझ्या हातातला सगळ्यात स्वस्त रस्ता आहे.

फ्रीलान्सबद्दल मला तुझी घालमेल फारशी पटत नाही. कामं घे. आठवड्याचे तीन दिवस विक, दोन दिवस चाळीला दे, आणि रविवारी कॉम्प्युटर बंद. ज्या पोराला पाच दिवस मोकळे असतात तो त्यातले तीन डिस्कॉर्डवर काढतो, हे तुझ्या मेसेजच्या वेळांवरून दिसतंच आहे. बायकोबरोबर बसशील तेव्हा दोन गोष्टी दोघांनी मिळून ठरवा: गेम पूर्ण करायची तारीख, आणि त्याआधी घरातून आणखी जास्तीत जास्त किती रुपये जाणार तो आकडा. आकडा शून्य असू शकतो. तो तिने म्हणायचा.

पुण्याच्या मंडळींचा 'राजी' हा गेम 2020 मध्ये आला, त्याआधी 2017 मध्ये त्यांचा लोकवर्गणीचा प्रयत्न फसला होता. मधल्या वर्षांत त्यांच्या घरी काय बोलणी झाली असतील, ते ऐकायला मला फार आवडेल. ते कुणी छापत नाही.

आणि हो, नातीने तुझा गेम माझ्या लॅपटॉपवर टाकून दिलाय. 480 रुपये पूर्ण मोजले, सेलची वाट पाहिली नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या सार्वजनिक नळापाशी तीन दिवस अडकले आहे. पाणी साडेचारला येतं, जोशीकाकू हंडा घेऊन आधीच उभी, आणि माझी बादली काही केल्या रांगेत लागत नाही. ती वाण्याच्या दुकानातली दोरी तिथे वापरायची का? कळव. पण दिवसा. रात्री दोनला आलेलं उत्तर मी उघडणार नाही.

– माई