सोलापुरात वेगळी दुकानं कुठं, आणि तिथं काय बघून घ्यायचं?

तुम्ही विचारलंय: "दोन दिवस सोलापूरला येतोय. मॉल नको, ब्रँडची शोरूम नको. एकाच मालात मुरलेली, दुसऱ्या शहरात न सापडणारी दुकानं कुठं आहेत? आणि फसायचं नसेल तर काय बघायचं?"

पहिली गोष्ट म्हणजे पाटी वाचून दुकान निवडू नका. 'अस्सल सोलापुरी' ही पाटी स्टेशनपासून हायवेच्या ढाब्यापर्यंत सगळीकडे दिसते. इथली चांगली दुकानं बऱ्याचदा कारखान्याच्या पोटातच असतात. पुढं दहा बाय दहाचं काउंटर, मागं यंत्रमागाचा खडखडाट. अशी दुकानं पूर्व भागात मिळतात: अशोक चौक, दाजी पेठ, साखर पेठ, कन्ना चौक आणि पुढं अक्कलकोट रोडची एमआयडीसी. नवी पेठेतून रिक्षा करा. हा पद्मशाली विणकरांचा भाग आहे, घराघरांत तेलुगू चालते, पण दुकानात मराठी बोलायला काही अडचण नाही. सकाळी अकरानंतर जा आणि "माग बघायला मिळंल का?" असं सरळ विचारा. माल स्वतः विणणारा सहसा नाही म्हणत नाही. नुसता विकणारा विषय बदलतो, आणि तुमचं निम्मं काम तिथंच होतं.

आता चादर. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, तरी पानिपतचा माल सोलापूरच्या नावानं सर्रास खपतो. म्हणून चादर हातात आली की आधी उलटी करा. खरी चादर जकार्डवर विणलेली असते. छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ वर फिरते (नव्या मागावर हेच काम इलेक्ट्रॉनिक जकार्ड करतं) आणि आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेकीला ताण्यातले (म्हणजे उभे) कुठले धागे वर उचलायचे ते ती पट्टी ठरवते. नक्षी विणीतच असल्यामुळं उलट्या बाजूलाही तोच मोर दिसतो, फक्त रंगांची अदलाबदल होते: वर मरून जमिनीवर पांढरा मोर असेल तर खाली पांढऱ्या जमिनीवर मरून. उलटी बाजू फिकट, धुरकट किंवा कोरी दिसली तर ती छापील आहे. ठेवून द्या.

दुसरी परीक्षा वजनाची. नवी चादर हाताला जड आणि कडक लागते, त्यात कांजीचाही वाटा असतो. कोपरा दोन अंगठ्यांत धरून जोरात चोळा. पांढरी भुकटी सुटली आणि कापड एकदम लुळं पडलं तर तुम्ही कांजीचे पैसे मोजताय. सिंगल चादर साधारण ६० बाय ९० इंचाची असते. एकाच मापाच्या दोन चादरी काट्यावर ठेवायला सांगा. मापात फरक नाही आणि वजनात आहे, म्हणजे सूत तरी बारीक आहे नाहीतर वीण विरळ.

तिसरी परीक्षा सुताची. दशांतला एक धागा मागून घ्या (विचारून घ्या, परस्पर उपटू नका) आणि बाहेर येऊन काडी लावा. सूत कागदासारखं जळतं, राख बोटात विरते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. राख आणि मणी दोन्ही मिळाले तर मिश्र धागा आहे. मिश्र असणं गुन्हा नाही, पण मग सुताचा भाव देऊ नका. धागा ताण्याचा एक आणि बाण्याचा (आडवा) एक असे दोन तपासा, कारण भेसळ बहुतेक वेळा एकाच दिशेला असते.

रंगासाठी ओला पांढरा रुमाल गडद भागावर घासा. थोडा रंग येणारच, रुमाल लाल झाला तर नको. मिठाच्या पाण्यात भिजवली की रंग पक्का होतो हा सल्ला तुम्हाला प्रत्येक जण देईल. कच्चा रंग मिठानं पक्का होत नाही. पहिल्या दोन-तीन धुण्या गार पाण्यात, वेगळ्या, एवढंच करायचं. सुती चादर आटते. पाच टक्के धरले तरी ९० इंचांतले साडेचार इंच गेले, त्यामुळं बेडच्या मापाला अगदी बरोबर बसणारी घेऊ नका.

टॉवेलबद्दल थोडक्यात. टेरीच्या मागावर ताण्याचे दोन बीम (धागा गुंडाळलेले रूळ) असतात, एक ताणलेला आणि एक सैल. सैल धाग्याची फुगून कडी होते आणि पाणी शोषते ती ही कडी. नखानं एक कडी हलकेच ओढून बघा. सरसर निघून आली तर वीण ढिली आहे, वर्षभरात टॉवेल टकला होणार. दुकानात मऊ लागणारा टॉवेल घरी पाणी टिपत नसेल तर घाबरू नका, वर सॉफ्टनर असतो, दोन-तीन धुण्यांत जातो. तुम्ही मात्र धुताना सॉफ्टनर घालू नका, कड्यांवर थर बसतो. रोजच्या वापराला ४०० ते ४५० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) पुरे. त्यावरचा जाडजूड टॉवेल पावसाळ्यात वाळत नाही आणि वास मारतो. काही ठिकाणी एक्स्पोर्टचा सेकंड माल स्वस्तात मिळतो. उजेडात पूर्ण उलगडून डाग, सुटलेल्या कड्या आणि काठाची शिलाई बघा.

पूर्व भागातच हातमागावरची वॉल हँगिंग विणणारे थोडे कारागीर उरलेत. इथं जकार्ड नाही. चित्राचा नकाशा समोर ठेवून प्रत्येक रंगाचा धागा हातानं आत भरतात, म्हणून वेळ लागतो आणि भाव चढा असतो. मागच्या बाजूला रंग बदलतो तिथं धाग्याची टोकं, गाठी दिसल्या पाहिजेत. पाठ पूर्ण साफ असेल तर मशीनचं समजा. फोटोवरून चेहरा विणून हवा असेल तर आजच्या आज मिळणार नाही, ऑर्डर देऊन जा.

इरकल आणि खणासाठी चाटी गल्ली, मधला मारुतीचा परिसर. चाटी म्हणजे कापडाचा व्यापारी, गल्लीचं नावच तिथून आलंय. इरकलीचा पदर आणि अंग यांचा ताणा वेगळा असतो आणि दोन्ही एकमेकांत अडकवून जोडलेले असतात, त्याला कोंडी म्हणतात. पदर सुरू होतो त्या रेषेवरून डोळे मिटून बोट फिरवा, बारीक उंचवटा लागतो. यंत्रमागावरच्या नकलेत पदर त्याच ताण्यावर पुढं विणलेला असतो, बोट सरळ निघून जातं. लाल पदरावर पांढऱ्या दातेरी पट्ट्या (टोपतेणी) नकलेतही असतात, त्यामुळं त्यावरून ठरवू नका. काठ गोमी हवा की गाडीदडी, हे नाव घेऊन मागितलंत की दुकानदार खालच्या कप्प्यातला माल काढतो.

शेंगाचटणी घेताना एकच प्रश्न: "कधी कुटली?" कुटलेलीच हवी, मिक्सरची नको. मुसळाखाली किंवा डंकावर शेंगदाणा दाबला जातो, तेल सुटतं आणि तिखट, लसूण, जिरं, मीठ त्या तेलात मुरतं. मिक्सरच्या पात्यानं दाणा नुसता चिरला जातो, भुकटी पडते. चिमूटभर मुठीत दाबा: लाडू वळला पाहिजे आणि तळहाताला तेल लागलं पाहिजे. वास खवट वाटला तर कितीही नावाजलेलं दुकान असो, पुढं चला. आधी अर्धा किलोच घ्या. तेल पिशवीतून पाझरतं, म्हणून दुहेरी पिशवी मागा आणि चादरीच्या गठ्ठ्यात ठेवू नका (तेलाचे डाग जात नाहीत). घरी कोरडा चमचा, काचेची बरणी.

सोबत कडक भाकरी. दोन बोटांत मोडली की कट्‌ आवाज यायला हवा. वाकली तर ओल राहिलीय, चार दिवसांत बुरशी. ज्वारी आणि बाजरीत निवड करायची तर ज्वारीची घ्या. बाजरीच्या पिठात तेल जास्त, त्यामुळं ती लवकर कडवट होते. ज्वारी मंगळवेढ्याच्या मालदांडी वाणाची आहे का तेही विचारा. प्लास्टिकऐवजी पत्र्याच्या डब्यात नेली तर चुरा होत नाही.

जानेवारीत येणार असाल तर बाळीवेस, कसबा या बाजूला बाराबंदीची चौकशी करा. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांबरोबर (उंच मानाच्या काठ्यांबरोबर) चालणारे भक्त घालतात तो पांढरा, बारा बंदांचा अंगरखा. बटण एकही नाही, सगळं बंदांवर. शिवून घ्यायची असेल तर छातीच्या मापात चार इंच ढील ठेवायला सांगा, काठी पेलायला हात वर जातो तेव्हा काखेत ओढ बसते. कापड आधी भिजवून आटवून द्या, नाहीतर पहिल्या धुण्यानंतर बंद एकमेकांना पोचत नाहीत. संक्रांतीच्या आठवड्यात मात्र शिंपी नवं काम घेत नाहीत, माप डिसेंबरातच द्यायला लागतं.