जीपी६३ काढलं तरी परजीवी मॅक्रोफेजमध्ये शिरतोच? आधी सीरम बघा

तुम्ही लिहिलंय की लिशमेनिया मेजर या परजीवीतली जीपी६३ची (त्याच्या पृष्ठभागावरच्या, प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमची) जनुकं उडवली तरी मॅक्रोफेजमध्ये (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीत) परजीवी पूर्वीइतकेच दिसतात, आणि गाइड म्हणतात की मग हे एन्झाइम बिनकामाचं आहे. हे मी स्वतः ऐकून घेतलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

तुमचा निकाल खोटा नाही. २००२ साली छापलेल्या एका कामात याच प्रजातीची जीपी६३ जनुकं १ ते ७ काढली होती. ते परजीवी वाळूमाशीत नीट वाढले, मॅक्रोफेजमध्ये शिरले, अमॅस्टिगोट (पेशीच्या आत राहणारं रूप) होऊन जगले. पण कॉम्प्लिमेंटपुढे (सीरममधल्या, जंतूंना भोक पाडणाऱ्या प्रथिनांपुढे) ते लवकर फुटायला लागले आणि उंदरात व्रण उशिरा उठला. म्हणजे एन्झाइमची पहिली कामगिरी पेशीबाहेरच होते. परजीवीवर बसलेलं सी३बी हे कॉम्प्लिमेंटचं प्रथिन ते तोडतं, त्यातून आयसी३बीसारखा तुकडा उरतो. भोक पाडणारी पुढची साखळी अडते आणि मॅक्रोफेजवरच्या सीआर३ रिसेप्टरमधून, फारसा ऑक्सिडेटिव्ह भडका (जंतू मारणाऱ्या ऑक्सिजन-रसायनांचा मारा) न उडवता, आत जाता येतं.

आता सांगा, तुमच्या डिशमध्ये कॉम्प्लिमेंट आहे का? ५६ अंशांवर अर्धा तास तापवलेल्या सीरममध्ये ते निकामी झालेलं असतं. तोडायला सी३बीच नसेल तर एन्झाइम असलं काय, नसलं काय!

आमच्याकडे सीरम एका सामाईक विभागातून यायचं. बाटलीवर नुसतं 'सीरम' आणि तारीख. न तापवलेलं हवं असं मी लेखी कळवलं होतं. उत्तर आलं, 'ठीक आहे.' निकाल सपाट येत राहिले तेव्हा पुन्हा विचारलं, तर म्हणे फॉर्ममध्ये तसा रकानाच नाही. शेवटी प्रतिपिंड लावलेल्या मेंढीच्या तांबड्या पेशींवर ते सीरम घातलं. कॉम्प्लिमेंट चालू असतं तर त्या फुटल्या असत्या, पण एकही पेशी फुटली नाही. मग कळलं की तिथे सगळंच सीरम तापवून देतात, 'नियमच आहे'. तो नियम कुठेही लिहिलेला नव्हता. प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण रद्द झालं, त्यांचा मात्र साधा दिलगिरीचा मेलही नाही. तेव्हा कुणाच्याही शब्दावर जाऊ नका, ही तांबड्या पेशींची चाचणी स्वतः लावा. ताजं सीरम छोट्या नळ्यांत उणे ८० अंशांवर ठेवा आणि वितळवलेली नळी परत गोठवू नका. त्याच सीरमचा तापवलेला भाग कंट्रोल म्हणून हवाच.

पण ताजं सीरम घातलं की उलटा गोंधळ होतो. नॉकआउट (जीपी६३ काढलेले) परजीवी बाहेरच फुटून मरतात, आत कमी दिसतात, आणि आपण लिहून मोकळे होतो की 'प्रवेश घटला'. म्हणून सी५ (भोक पाडायला लागणारं कॉम्प्लिमेंटचं प्रथिन) नसलेलं सीरम वापरा. डीबीए/२ उंदरांचं तसंच असतं. त्यात सी३बी चिकटतं पण भोक पडत नाही, त्यामुळे जगणं आणि शिरणं वेगवेगळं मोजता येतं. तरीही फरक बारीकच दिसेल असं मला वाटतं, कारण यजमानाच्या सीरममधलं फॅक्टर आय हे एन्झाइमसुद्धा सी३बीचं आयसी३बी करतोच.

आतल्या कामाबद्दल थोडक्यात. जीपी६३ मॅक्रोफेजमधल्या एसएचपी-१ या संदेश दाबणाऱ्या एन्झाइमला तोडून चेतवतं, त्यामुळे जेएके-स्टॅट हा संदेशमार्ग आणि जंतू मारणारं नायट्रिक ऑक्साइड दबतं. पण ब्लॉटवर (प्रथिनं वेगळी करून दाखवणाऱ्या चाचणीत) एसएचपी-१चे तुकडे दिसले म्हणून लगेच हुरळू नका. लायसेटमध्येही (फोडलेल्या पेशींच्या द्रावातही) हे एन्झाइम चालू राहतं आणि नेहमीच्या इनहिबिटर मिश्रणांत बऱ्याचदा मेटॅलोप्रोटीएज (जीपी६३सारखी धातूवर चालणारी एन्झाइम्स) अडवणारं काही नसतं. पेशी थेट उकळत्या एसडीएस बफरमध्ये घ्या. फिनॅन्थ्रोलीन जस्त ओढून घेऊन जीपी६३ बंद करतं खरं, पण मॅक्रोफेजची स्वतःची धातू-एन्झाइम्सही बंद पाडतं. जिवंत पेशींवर ते वापरून काढलेले निष्कर्ष मी तरी मानत नाही. त्यापेक्षा नॉकआउटमध्ये एकदा धडकं जनुक आणि एकदा सक्रिय जागेतला ग्लुटामेट बदललेलं जनुक परत घाला. गाइडना पटेल तर यानेच पटेल.

मी फक्त मेजरवर काम केलंय. कुणाची प्रजाती लिशमेनिया मेक्सिकाना असेल तर सिस्टीन प्रोटीएज सीपीबीकडे आधी बघा. अमॅस्टिगोटमध्ये तेच जास्त असतं. आणि तुमचे परजीवी किती पॅसेजचे (कल्चरमध्ये किती वेळा नव्या माध्यमात हलवलेले) आहेत तेही इथे लिहा, पोस्टमध्ये ते राहून गेलंय.