फुकुओकात मासेखाऊ माणसाने काय खावं?

एप्रिलपासून जपानातल्या फुकुओका शहरात नोकरी, घरात सगळे मासेखाऊ, पण डुक्कर आणि गाय चालत नाही. मग तिथलं खास असं काय खाता येईल, असं तुम्ही विचारलंय. भरपूर काही! इथलं रामेन, म्हणजे नूडल्स, डुकराच्या हाडांच्या रश्शातलं आणि मोत्सुनाबे बहुधा गायीच्या आतड्यांचं, ती दोन्ही सोडा. त्याऐवजी मिझुताकी खा, कोंबडीचा रस्सा. मुलांना आवडेल.

पण खरं फुकुओका साबात आहे. साबा म्हणजे आपल्या बांगड्याच्याच कुळातला मासा. जपानात इतरत्र तो बहुतेक व्हिनेगरात मुरवतात, इथे मात्र कच्चाच खातात. गोमासाबा मागवा: चकचकीत फोडी, भरड वाटलेले तीळ, कांद्याची पात आणि क्युशूचा, म्हणजे फुकुओका ज्या बेटावर आहे तिथला, गोडसर सोया सॉस. थंडीत मासा चरबीने भरतो, तेव्हाचा तर सोडूच नका. घरी करताना मात्र जपा. साबात अनिसाकिस नावाची अळी असू शकते. ती मीठ-व्हिनेगरने मरत नाही, नीट शिजवल्यावर किंवा खोल गोठवल्यावरच मरते. म्हणून पाकिटावर ‘साशिमी-यो’ असेल तरच कच्चा खा. ‘कानेत्सु-यो’ म्हणजे शिजवायचा.

सुपरमार्केटात मासे साफ करून देतात. ‘सानमाइ ओरोशी’ म्हणा, दोन फिले, म्हणजे दोन बाजूंचे मांसाचे काप, आणि काटा वेगळा मिळेल. डोकी-काटे ‘आरा’ या नावाने स्वस्तात मिळतात. कालवणाला मी तेच घेते, फिलेपेक्षा चव कितीतरी जास्त.

गाबोळी आवडत असेल तर मेन्ताइको तुमच्यासाठीच आहे: पोलॉक माशाची गाबोळी, मिठात आणि मिरचीत मुरवलेली. मूळ पदार्थ कोरियाचा. बुसानमध्ये वाढलेल्या तोशिओ कावाहारांनी १९४९ साली शहरातल्या नाकासू भागातल्या आपल्या दुकानात ती विकायला सुरुवात केली, आणि कृती स्वतःपुरती न ठेवता इतरांनाही शिकवली. म्हणून आज शहरात इतके मेन्ताइकोवाले आहेत. गरम भातावर एक तुकडा ठेवला की दुसरं काही लागत नाही.

हिवाळ्यात फुकुओकाजवळच्या इतोशिमाला जा. बंदरावर कालवांच्या झोपड्या लागतात. किलोवर कालवं घ्यायची आणि समोरच्या जाळीवर स्वतः भाजायची. शिंपला फट्कन उडतो, म्हणून अंगावर घालायला जॅकेट देतात. बऱ्याच ठिकाणी स्वतःचं तिखट-मीठ नेता येतं. विचारून घ्या आणि मालवणी मसाल्याची पुडी न्या.