चढावर मान टाकणारी बॅटरी

प्रश्न : माझी बॅटरीवरची सायकल ३ वर्षांची आहे. बॅटरी ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची. पावसाळाभर ती जिन्याखाली पडून होती. आता सपाटीला झकास पळते, पण समर्थ मंदिराकडून बोगद्याचा चढ लागला, की डिस्प्लेवर पाचपैकी तीन काड्या दिसत असतानाच सगळं एकदम बंद पडतं. थोडं थांबून बटण दाबलं की पुन्हा चालू, पुन्हा तीन काड्या! एक दुकानदार म्हणतो, ‘बॅटरी गेली, नवी घ्या.’ दुसरा म्हणतो, ‘बीएमएस बायपास करून देतो.’ काय करावं? – एक वाचक, सातारा

उत्तर : दुसऱ्या दुकानाची पायरी पुन्हा चढू नका. पहिल्याचंही लगेच ऐकू नका.

तुमच्या पत्रातले कामाचे शब्द म्हणजे ‘सगळं एकदम बंद’. पॅकचं, म्हणजे अख्ख्या बॅटरीचं, एकूण व्होल्टेज ३१च्या आसपास उतरलं की कंट्रोलर (मोटरला वीज मोजून देणारं सर्किट) मोटरची वीज तोडतो, पण डिस्प्ले सहसा जागा राहतो. तुमचा डिस्प्लेच काळा होतो. म्हणजे एक तर जोड खराब आहे, नाही तर पॅकच्या आतलं संरक्षण सर्किट, म्हणजे बीएमएस, वीज तोडतंय.

आधी फुकटातलं बघा. किल्ली बंद करून बॅटरी काढा आणि ती जिथे बसते तिथल्या पितळी पट्ट्या उजेडात न्या. काळ्या पडल्यात? हिरवट बुरशीसारखं काही चढलंय? पट्टीशेजारचं प्लॅस्टिक वितळल्यागत दिसतंय? पावसाळाभर जिन्याखाली म्हणजे हे सगळं शक्य आहे. काँटॅक्ट क्लीनर मारून पुसा. खोबरेल तेल नको (हसू नका, लोक लावतात). बॅटरी जागेवर खुळखुळत असेल, तर तेही कारण. जोड सैल असेल तर सायकल खड्ड्यातसुद्धा बंद पडते. फक्त चढावरच पडत असेल, तर मामला बहुधा आतला आहे.

आता मल्टिमीटर घ्या. चार्जरचा दिवा हिरवा झाल्यावर बॅटरी काढून तासभर ठेवा आणि मोजा. ४२च्या जवळपास हवं. ४०च दाखवत असेल, तर चार्जर नुसता मोजा. तिथे ४२ मिळाले तर तो निर्दोष.

तुमच्या पॅकमध्ये सेलचे १० गट एकामागोमाग जोडलेले असतात. समजा, ९ गट ३.९ व्होल्टवर आहेत आणि एकच ३.३ वर. बेरीज ३८.४. डिस्प्ले बिचारा फक्त बेरीज बघतो, म्हणून तीन काड्या. चढावर मोटर जास्त करंट ओढते, तेव्हा सगळ्यांचंच व्होल्टेज दबतं : ९ गट ३.६ वर, पण तो अशक्त गट थेट २.६ वर. बेरीज अजून ३५, कंट्रोलरची तक्रार नाही. बीएमएस मात्र प्रत्येक गट वेगळा तपासतो. त्या एकासाठी तो अख्खा पॅक तोडतो. एक बैल बसला की गाडी उभी. लोड गेला, की व्होल्टेज वर येतं आणि तुमच्या काड्याही परत येतात.

बहुतेक बीएमएस गटांची बरोबरी करतात ती चार्जिंगच्या अगदी शेवटी, आणि तीही फार बारीक करंटने. म्हणून दिवा हिरवा झाल्यावर लगेच वायर काढायची सवय असेल, तर काही दिवस आणखी दोन-चार तास लावून ठेवा. दिवसा, तुम्ही घरात जागे असताना, आणि गादी-पडद्यांपासून लांब. गट नुसताच मागे पडला असेल, तर फरक जाणवतो.

नाहीच जमलं, तर पॅक उघडणाऱ्या जाणकाराकडे न्या. त्याआधी बिलावरची वॉरंटी वाचा, कारण पॅक उघडला की ती सहसा संपते. त्याला सांगा : बीएमएसच्या बारीक वायरींवर प्रत्येक गट मोजून आकडे लिहून द्या. आकडे न देता ‘सेल बदलतो’ म्हणणाऱ्याकडून उठून या. मागे पडलेला गट वेगळा चार्ज करून आठवडाभर नुसता ठेवला आणि तो पुन्हा खाली आला, तर पॅक निकालात काढा. जुन्यात नवे चार सेल घातले की चार दिवस बरं चालतं; मी करून देत नाही.

आता बायपासचं, म्हणजे बीएमएसला वगळून वीज थेट घेण्याचं. तो केला, की चढावर सायकल बंद पडणार नाही, हे खरं. पण अशक्त गट २ व्होल्टच्याही खाली जाईल. तिथे सेलमधलं तांबं विरघळायला लागतं, आणि नंतरच्या एखाद्या चार्जिंगला आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. लिथियमची आग घरात विझवणं आपल्या हातातलं नाही. पॅक फुगला, न चालवता गरम लागला किंवा त्याला गोडसर उग्र वास आला, तर चार्जरला न लावता घराबाहेर मोकळ्यावर ठेवा.

पुढच्या पावसाळ्यात बॅटरी निम्मी भरून घरात कोरड्या जागी ठेवा आणि महिन्या-दीड महिन्याने मोजत जा.

प्रश्न : स्कूटरच्या ४ शिसे बॅटऱ्या काढून ४८ व्होल्टचा लिथियम पॅक बसवला, तर जुना चार्जर चालेल का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही. तो चार्जर ५८च्याही पुढे जातो. १३ गटांच्या लिथियम पॅकला ५४.६ च्या वर काही नको. पॅकसोबत त्याचाच चार्जर घ्या, आणि जुना कुणी चुकून लावू नये म्हणून त्याची पिनच बदलून टाका.