आजीचा जन्मदाखला आणि युरोपियन संसदेची खुर्ची

गोव्यातल्या साखळी गावाजवळच्या एका पालकांचं पत्र थोडक्यात असं: मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय अर्थशास्त्र. तिला युरोपियन संसदेची सदस्य व्हायचंय, व्यापार आणि पर्यावरण या विषयांत काम करायचंय. आजी, म्हणजे पालकांची आई, 1949 साली पोर्तुगीज गोव्यात जन्मली, तेव्हा पोर्तुगालचा पासपोर्ट मिळेल, असं मुलीचं म्हणणं. ‘कोस्ता जाऊ शकतो तर मी का नाही?’ (कोस्ता म्हणजे मूळ गोव्याच्या घराण्यातले, पोर्तुगालचे माजी पंतप्रधान.) पालकांचे खनिज वाहतुकीचे दोन टिप्पर 2012 साली खाणी बंद झाल्या तेव्हा दारात उभे राहिले. त्यामुळे लेकीने ‘पर्यावरण’ म्हटलं की जेवताना वाद होतो. ते विचारतात: हे खरंच करिअर आहे का? आणि आजीचे कागद आत्ताच करून टाकावेत का?

नमस्कार.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथली चूक निस्तरायला जड जाते. आत्ता करू नका.

युरोपियन संसदेची निवडणूक लढवायला युरोपीय संघातल्या एखाद्या देशाचं नागरिकत्व लागतं, हे तुमच्या लेकीने बरोबर शोधलंय. 19 डिसेंबर 1961 च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना पोर्तुगालचा कायदा आपलं मानतो, हेही खरं. पण आजीचा जन्म लिस्बनला नोंदवला आणि नातीच्या हातात पासपोर्ट पडला, असं होत नाही. नेहमीची वाट म्हणजे आधी आजीची नोंद, मग तुमची, मग तिची. साखळीच्या माणसाला साखळी काय समजवायची, पण यातली मधली कडी तुम्ही आहात. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. परदेशी नागरिकत्व आपणहून घेतलं की इथलं जातं. नंतर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांसाठीचं कार्ड) मिळू शकतं, पण त्यावर मत देता येत नाही, सरकारी नोकरी करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणजे एकोणीस वर्षांच्या मुलीच्या बेतासाठी तुमचंही नागरिकत्व पणाला लागतं. हा निर्णय पाटी लावून बसलेल्या एजंटाला विचारून घेऊ नका. नागरिकत्वाची कामं करणाऱ्या वकिलाकडे जा आणि दोन्ही देशांचे त्या दिवशीचे नियम समोर ठेवून विचारा.

घाई नको म्हणतो त्याला आणखी एक कारण आहे. भारत आणि युरोपीय संघ यांच्यातली मुक्त व्यापार कराराची बोलणी 2007 ला सुरू झाली, 2013 ला अडली, 2022 ला पुन्हा सुरू झाली आणि जानेवारी 2026 मध्ये पूर्ण झाली. अशा टेबलाच्या अलीकडच्या, म्हणजे भारताच्या, बाजूलाही माणसं बसतात. नागरी सेवा परीक्षा देऊन भारतीय व्यापार सेवेत किंवा परराष्ट्र सेवेत गेलेली मुलं तिथे असतात, आणि त्यांच्याही फायलीत आज बराच भाग पर्यावरणाचाच असतो. लेकीने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला की ती बाजू तिला कायमची बंद. कुठल्या खुर्चीत बसायचं हे पंचविशीत ठरवलं तरी उशीर होत नाही. दुसऱ्या वर्षाला असताना ठरवणं म्हणजे पाऊस पडण्याआधीच छत्री विकून टाकणं.

कोस्तांचं सांगायचं तर अंतोनियो कोस्ता हे मूळ मडगावच्या घराण्यातले, याचा आपल्याला अभिमान असणं साहजिक आहे. पण ते 1961 साली लिस्बनमध्ये जन्मले, तिथल्याच समाजवादी पक्षात वाढले, 2004-05 मध्ये युरोपियन संसदेत होते, मग लिस्बनचे महापौर, मग आठ-नऊ वर्षं पंतप्रधान, आणि डिसेंबर 2024 पासून युरोपियन कौन्सिलचे, म्हणजे सदस्य देशांच्या प्रमुखांच्या मंडळाचे, अध्यक्ष. गोव्याचं रक्त कामाला आलं म्हणण्यापेक्षा पोर्तुगालच्या पक्षातली काही दशकांची उठबस कामाला आली. तुमच्या मुलीला ही उठबस शून्यापासून करावी लागेल. युरोपियन संसदेसाठी पोर्तुगाल हा अख्खा देश एकच मतदारसंघ असतो, जागा 21. मतदार पक्षाच्या यादीला मत देतो, आणि यादीत कोण पहिलं, कोण अठरावं, हे पक्ष ठरवतो. तेव्हा खरी निवडणूक पक्ष-कार्यालयात होते, मतपेटी नंतरची. त्यासाठी पोर्तुगीज नुसती येऊन भागत नाही. पोर्तुगीजमध्ये भांडता आलं पाहिजे.

आता पहिला प्रश्न. हो, हे करिअर आहे. फक्त त्याला प्रवेश परीक्षा नाही, आणि दर पाच वर्षांनी नोकरी जाऊ शकते. (पगार उत्तम. युरोपीय संघाच्या न्यायालयातल्या न्यायाधीशाच्या मूळ पगाराच्या 38.5 टक्के, असं सूत्रच ठरलेलं आहे. तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार.)

काम कसं चालतं ते तिला नीट कळलंय असं पत्रावरून वाटत नाही. तिच्या डोळ्यांपुढे भाषण आहे. स्ट्रासबूर्गच्या त्या अर्धगोलाकार सभागृहात 720 सदस्य बसतात आणि बोलायला बहुतेकांना मिनिट-दीड मिनिट मिळतं. वेळ संपली की माईक बंद. वर्षाचं कॅलेंडर रंगांचं असतं: गुलाबी आठवडा समित्यांचा, निळा पक्षगटांचा, लाल पूर्ण अधिवेशनाचा, फिरोजी मतदारसंघाचा. लाल आठवड्यात ब्रुसेल्सचं कार्यालय ट्रंकांमध्ये भरून स्ट्रासबूर्गला जातं आणि चार दिवसांनी परत येतं. गंमत वाटते खरी, पण खरं करिअर गुलाबी आठवड्यात घडतं.

एखादा कायदा समितीकडे आला की तो एका सदस्याच्या हाती सोपवतात. त्याला तिथे ‘रॅपोर्तर’ म्हणतात, आपण प्रस्तावाचा पालक म्हणू. इतर पक्षगट आपापले लोक त्याच्यावर नजर ठेवायला नेमतात. मग शेकडो दुरुस्त्या येतात, आणि शेवटी संसद, सदस्य देशांची परिषद आणि युरोपीय आयोग (कायदे सुचवणारी, संघाचा कारभार चालवणारी संस्था) अशी तिघांची बैठक बसते, रात्री उशिरापर्यंत. व्यापार करारांची बोलणी मात्र खासदार करत नाहीत, ती आयोग करतो. पण 2009 च्या अखेरीपासून संसदेच्या संमतीवाचून तसा करार पुरा होत नाही, आणि संमती नाकारताही येते. 2012 च्या जुलैमध्ये बनावट मालाविरुद्धचा ‘ॲक्टा’ नावाचा करार संसदेने 478 विरुद्ध 39 मतांनी फेटाळला, तो तिथेच संपला.

तुमच्या लेकीने एकाच माणसाचा प्रवास वाचायचा ठरवला तर मी लक्झेंबर्गच्या क्रिस्टोफ हान्सन यांचा वाचायला सांगेन. सुरुवात एका खासदारबाईंचा सहाय्यक म्हणून, तीही वर्ष-सहा महिने नव्हे, 2007 पासून 2014 पर्यंत. मग देशाच्या ब्रुसेल्समधल्या कचेरीत. 2018 ला स्वतः खासदार, तेही दुसऱ्या सदस्याने जागा सोडली म्हणून. त्यांच्या हाती आला तो जंगलतोडीचा कायदा: 31 डिसेंबर 2020 नंतर तोडलेल्या जंगलाच्या जमिनीवर पिकलेली कॉफी, कोको, सोया, पामतेल, तसंच गुरं आणि लाकूड युरोपच्या बाजारात येऊ द्यायचं नाही. संसदेला यादीत रबरही हवं होतं, मकाही, कोंबड्याही. डिसेंबर 2022 च्या बैठकीत रबर मिळालं, मका आणि कोंबड्या सोडाव्या लागल्या. मालाबरोबर शेताचं ठिकाण द्यायचं, हे कलम त्यातलंच: चार हेक्टरपेक्षा मोठ्या शेताची पूर्ण हद्द आखून, लहान शेताचा नकाशावरचा एक बिंदू चालतो. ‘चार हेक्टर’ हे दोन शब्द पाहा. कर्नाटकातल्या कोडगूच्या छोट्या कॉफीवाल्याला सर्व्हेअर आणावा लागणार की मोबाइलवर भागणार, हे त्या दोन शब्दांवर ठरतं. युरोपातला पर्यावरणवादी खासदार म्हणजे काय, तर असे दोन शब्द घालणारा किंवा काढणारा माणूस.

आणि त्याची दुसरी बाजू. एप्रिल 2023 मध्ये हा कायदा 552 विरुद्ध 44 मतांनी मंजूर झाला. मग त्याचा अंमल पुढे ढकलला, नंतर पुन्हा ढकलला, आणि तो पातळ करण्याच्या दुरुस्त्या 2024 मध्ये आणल्या त्या हान्सन यांच्याच पक्षगटाने. ते स्वतः तोवर युरोपीय आयोगात शेती खात्याचे आयुक्त व्हायच्या वाटेवर होते. लेकीला विचारा: पाच वर्षं खपून केलेलं काम आपल्याच बाजूची माणसं उसवत असताना दुसऱ्या दिवशी कामावर जाता येईल? ‘हो’ चटकन आलं तर मी जरा काळजीत पडेन.

हान्सनसारखे सगळेच सहाय्यकाच्या खुर्चीतून येतात असंही नाही. कार्बन सीमाकराचा (आयात माल बनवताना सुटलेल्या कार्बनवर लागणाऱ्या आकाराचा) कायदा हाताळणारे नेदरलँड्सचे मोहम्मद शाहिम हे अर्थशास्त्रातले डॉक्टरेट, आधी संशोधक. ब्रिटन संघात होता तेव्हा 1999 ते 2010 खासदार असलेल्या कॅरोलाइन लुकस यांची पीएचडी चक्क जुन्या इंग्रजी साहित्यावर. व्यापार त्या शिकल्या ऑक्सफॅममधल्या दहा वर्षांत. म्हणून ‘कुठली डिग्री?’ हा प्रश्न मला इथे फारसा महत्त्वाचा वाटत नाही.

आता पासपोर्टला हात न लावता काय करता येईल? भाषा आजपासून. गोवा विद्यापीठात पोर्तुगीज आहे, पणजीत फुंदासांव ओरिएंतचे वर्ग आहेत. फ्रेंच त्यानंतर. पदवीनंतर अर्थशास्त्रासाठी पुण्याची गोखले संस्था किंवा व्यापारासाठी दिल्लीची आयआयएफटी. युरोपच पाहायचा असेल तर इरास्मुस मुंडुसची शिष्यवृत्ती भारतीय पासपोर्टवर मिळते आणि एकाहून जास्त देशांत शिकवते. युरोपीय आयोगाच्या पाच महिन्यांच्या ट्रेनीशिपमध्ये संघाबाहेरच्यांसाठीही मोजक्या जागा असतात. ब्रुसेल्स जवळून पाहून आली आणि तरीही तेच हवं म्हणाली, तर मग आजीच्या कपाटातले कागद बाहेर काढा.

नोकरीची चिंता तुम्हाला असणार, आणि ती रास्त आहे. कार्बन सीमाकर 1 जानेवारी 2026 पासून प्रत्यक्ष लागू झाला. युरोपला पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत विकणाऱ्या भारतीय कारखान्यांना आता टनामागे किती कार्बन सुटतो याचा हिशेब द्यावा लागतो. तो कायदा वाचून कारखान्याच्या भाषेत सांगू शकणारी माणसं कमी आहेत. खासदारकी राहिली तरी या मुलीचं पोट याच विषयावर भरेल.

राहिला तुमच्या घरातला वाद. त्यात मला कुणाची बाजू घ्यायची नाही, पण एक काम सुचवतो. गोव्याचं खनिज बार्जमधून मुरगावला आणि तिथून चीनला जात होतं, ते व्यापार आणि पर्यावरण यांचंच प्रकरण होतं, तुमच्या दारातलं. तिला त्यावर चार पानी टिपण लिहायला सांगा: खाण चालू असताना कुणाला काय मिळालं, नदी, शेतं आणि विहिरींचं काय झालं, बंदीची किंमत कुणी मोजली, आणि नियम तिने लिहिला असता तर कसा. पहिली मुलाखत तुमची. टिप्परचा हप्ता किती होता, दिवसाला किती खेपा होत, पहिलं वाहन काय भावाने विकलंत. तिला हे आकडे ठाऊक नसतील असा माझा अंदाज आहे. टिपण झालं की मला पाठवा, मी वाचेन.