निवाडा सिंगापूरचा, वसुली पुण्यात

प्रश्न : माझ्या मुलाची सिंगापूरमध्ये कंपनी आहे. तिने पुण्याजवळच्या एका कारखान्याला यंत्रांचे सुटे भाग पुरवले. पैसे थकले, करारानुसार सिंगापुरात लवाद बसला आणि ४ लाख २० हजार डॉलरचा निवाडा मुलाच्या बाजूने लागला. त्याला सव्वादोन वर्षं झाली. कारखानदार म्हणतो, परदेशातला कागद इथे चालत नाही. ओळखीचे एक वकील म्हणतात, आधी निवाड्यावर स्टॅम्प ड्युटी भरा, मग दिवाणी न्यायालयात नवा दावा लावा. मॅडम, सगळं पहिल्यापासून करायचं का?

उत्तर : नाही. दावाही नाही आणि साक्षीपुरावेही पुन्हा नाहीत. पण ‘सव्वादोन वर्षं’ वाचल्यावर मला काळजी वाटली ती मुदतीची. अशा निवाड्याच्या अंमलबजावणीला तीन वर्षांची मुदत आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली वेदांता प्रकरणात सांगितलं. पुरेसं कारण असेल तर उशीर माफ होतो, पण त्या भरवशावर थांबू नका. वाटाघाटी चालू ठेवायच्या तर ठेवा, अर्ज मात्र आधी दाखल करा.

अर्ज करायचा तो थेट मुंबई उच्च न्यायालयात. लवाद व समेट कायदा, १९९६ याच्या दुसऱ्या भागात परदेशी निवाड्यांची सोय आहे. एकमेकांकडचे लवादाचे निवाडे मान्य करण्याचा आंतरराष्ट्रीय करार, म्हणजे १९५८चा न्यूयॉर्क करार, आपण १९६० मध्ये मान्य केला. तरी ज्या देशांची नावं केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केली आहेत, तिथलेच निवाडे या भागात बसतात. सिंगापूर त्यात आहे. मान्यता आणि वसुली एकाच अर्जात मागता येते. न्यायालयाची खात्री पटली की निवाडा त्याच न्यायालयाचा हुकूमनामा मानला जातो. स्टॅम्पचं म्हणाल, तर परदेशी निवाड्यावर स्टॅम्प नाही म्हणून अंमलबजावणी अडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केलंय.

कारखानदार हरकती घेणारच. ‘माल हलका होता’ हे रडगाणं इथे पुन्हा ऐकलं जात नाही. कलम ४८ मधली कारणं मोजकीच आहेत : नोटीसच मिळाली नाही, बाजू मांडू दिली नाही, लवादाने हद्द ओलांडली, निवाडा भारताच्या सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे, अशी. या शेवटच्या कारणाचा अर्थ न्यायालयं संकुचितच लावतात. तरीही २०२० मध्येच नाफेडविरुद्धचा एक निवाडा सर्वोच्च न्यायालयाने याच कारणावरून नाकारला. तिथे सरकारी परवानगीशिवाय निर्यात करता येत नव्हती. तुमच्या सुट्या भागांचं तसं काही दिसत नाही. नोटिसा पोचल्याच्या कुरिअर-पावत्या आणि ई-मेल मात्र जपा. हरकत बहुधा तिथूनच येईल.

आता कागद. मूळ निवाडा किंवा तिथल्या कायद्याप्रमाणे प्रमाणित केलेली प्रत लागते, आणि मूळ करार किंवा त्याची प्रमाणित प्रत. माझ्या एका अशिलाने तिकडून लाल दोरा आणि मोहोर लावलेली प्रत आणली होती. झेरॉक्स नीट यावी म्हणून दुकानातल्या मुलाने दोरा सोडला, पानं सुटी झाली आणि प्रमाणपत्र कोणत्या पानांचं, हेच दाखवता येईना. प्रत पुन्हा मागवण्यात पाच आठवडे गेले. माझ्या डोळ्यांदेखत दोरा सुटला आणि मी थांबवलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. तुमची प्रत शिवलेली असेल तर तशीच स्कॅन करा.

आणखी एक गोष्ट तातडीची. कारखान्याची जमीन कुणाच्या नावावर आहे, बँकेचा बोजा किती, यंत्रं विकली जाताहेत का, हे आजच तपासायला लागा. मालमत्ता हलवली जाते आहे असं दिसलं तर निकालाची वाट न पाहता कलम ९ खाली मनाई मागता येते. २०१५च्या दुरुस्तीनंतर परदेशात झालेल्या लवादांनाही ती सोय मिळाली. पुढे दरखास्तीत, म्हणजे वसुलीच्या कार्यवाहीत, कारखानदाराकडून मालमत्तेचं प्रतिज्ञापत्रही मागता येईल.

तुम्ही एक लिहिलं नाहीत : निवाडा रद्द करावा म्हणून कारखानदार सिंगापूरच्या न्यायालयात गेला होता का? तसा अर्ज तिथे प्रलंबित असेल तर इथलं न्यायालय थांबू शकतं, मात्र आपण त्याच्याकडून तारण मागू शकतो. मुलाला हे आजच विचारा.