अ‍ॅक्टिनला चिकटणारी प्रोटीन्स कॅन्सर पसरवतात म्हणजे नेमकं काय करतात?

अ‍ॅक्टिन स्वतः काही गुन्हेगार नाही हो, ते सगळ्याच पेशींत असतं, जेमतेम ७ नॅनोमीटर जाडीचे प्रोटीनचे धागे, एका टोकाला वाढतात दुसऱ्या टोकाला सुटतात. खरा खेळ त्यांना कुठे वाढवायचं, कुठे तोडायचं हे ठरवणाऱ्या प्रोटीन्सचा.

आता कॅन्सरच्या गाठीतली एक पेशी बाहेर पडायला बघतेय असं समजा. कोफिलिन नावाचं प्रोटीन जुना धागा कापतं, आणि गंमत बघा, कापल्यामुळे धागे कमी होत नाहीत, उलट वाढायला नवीन टोकं मिळतात, मग एआरपी २/३ नावाचं कॉम्प्लेक्स (काही प्रोटीन्सचा गट) धाग्याच्या अंगावर साधारण ७० अंशात फांदी फोडतं आणि अशा फांद्यांच्या जाळ्याने पेशीची पुढची कड ढकलली जाते. फॅसिन हे आणखी एक प्रोटीन धाग्यांच्या घट्ट जुड्या बांधतं, त्यातून बोटांसारखे बारीक फाटे निघतात, पेशी त्यांनी पुढचं चाचपते. नॉर्मल एपिथेलियममध्ये, म्हणजे अवयवांच्या अस्तरात, फॅसिन फारसं नसतंच, बऱ्याच कार्सिनोमात, म्हणजे या अस्तरातून होणाऱ्या कॅन्सरमध्ये, मात्र ते वाढलेलं दिसतं.

पण नुसतं सरकून भागत नाही, वाटेत बेसमेंट मेंब्रेनची, म्हणजे अस्तराखालच्या पातळ पडद्याची, भिंत असते. तिथे कोर्टॅक्टिन या प्रोटीनच्या मदतीने इन्व्हाडोपोडिया नावाचे छोटे पाय तयार होतात आणि त्यांच्या टोकाशी एमएमपी नावाची एन्झाइम्स त्या भिंतीतलं कोलॅजन (तिला बळकटी देणारं प्रोटीन) कापत जातात, म्हणजे अक्षरशः भोक पाडून पलीकडे. पुढे रक्तवाहिनीत शिरतानाही हीच यंत्रणा.

मग औषधाने अ‍ॅक्टिनच का बंद करत नाहीत? अहो, हृदयाचे स्नायू त्याच्यावरच चालतात! म्हणून फॅसिनसारखं टार्गेट मला जास्त शहाणपणाचं वाटतं.